आगीनंतरचं नळाचं पाणी: उकळून प्यायचं नाही, हे आईला पटेना

पडवी | ११ मार्च २०२५

जानेवारीतल्या वणव्यांनंतर, गेल्या दोन महिन्यांत लॉस एंजेलिसकडच्या तीन ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न आला. "आग विझली, आमचं घर वाचलं, नळाला पाणीही येतंय. उकळून प्यायलं तर चालेल ना?" तिघांनाही फोनवर "नको" म्हणून सांगितलं, पण का नको ते पाच मिनिटांत समजावता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

२०१८ साली आम्ही उत्तर कॅलिफोर्नियात चिको नावाच्या गावी होतो. आई सहा महिन्यांसाठी आली होती. ८ नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा. सकाळी आंघोळी उरकून खिडकीशी आलो तर पूर्वेकडे आकाश काळं झालेलं. आई म्हणाली, "पाऊस येणार बघ." पाऊस नव्हता. डोंगरावरचं पॅराडाइज, सव्वीस हजार वस्तीचं गाव, जळत होतं. त्या आगीत ८५ माणसं गेली आणि अठरा हजारांवर बांधकामं जळाली. संध्याकाळी माझी ऑफिसमधली मैत्रीण नवरा, दोन मुलं आणि कुत्र्यासकट आमच्या दारात उभी होती. मुलं चकल्या खात होती आणि ती फोन हातात धरून शेजाऱ्यांची नावं एकेक करून शोधत बसली होती.

तिचं घर वाचलं. गल्लीत दोनच घरं उभी राहिली, त्यातलं एक तिचं. डिसेंबरमध्ये गावात परत सोडायला लागले तेव्हा मी तिच्याबरोबर गेले होते. स्वयंपाकघरात पाडव्याच्या सकाळी अर्धवट प्यायलेला कॉफीचा कप तसाच होता, वर साय धरलेली. नळ सोडला तर पाणी आलं. स्वच्छ, नितळ. आणि दाराला सूचना लावलेली: पाणी पिऊ नका, पाणी उकळू नका.

हे दुसरं वाक्य आईला काही केल्या पटेना. आई सांगलीची. २००५ चा महापूर तिने पाहिलाय. पूर ओसरल्यावर पाणी वीस मिनिटं खळखळ उकळायचं, गाळायचं, झाकून ठेवायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. "सरकारच सांगतं ना उकळून प्या म्हणून? मग हे कसलं सरकार, उकळू नका म्हणणारं?" तिचा प्रश्न रास्त होता. पुराच्या पाण्यात जंतू असतात आणि जंतू उष्णतेने मरतात. आगीनंतरच्या पाण्यात बेंझीन नावाचं रसायन असू शकतं. ते जिवंत नाही, त्यामुळे मरणार काय? ते ८० अंशांनाच उकळतं. म्हणजे पातेलं गॅसवर ठेवलं की पाण्याच्या आधी बेंझीन वाफ होऊन वर येतं, आणि ओट्याशी उभं असणारं माणूस ते श्वासातून घेतं. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका उरलेली नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे कळलं ते कॅलिफोर्नियातल्याच सँटा रोझाला. ऑक्टोबर २०१७ मधली टब्ज आग. फाउंटनग्रोव्ह भागात बहुतेक घरं गेली, थोडी उरली. आग लागून महिना झाल्यावर तिथल्या एका घरातून तक्रार गेली की पाण्याला वास येतो, चव विचित्र लागते. तपासलं तर बेंझीन. पुढे तपासत गेले तसे आकडे वाढतच गेले आणि एका नमुन्यात ४०,००० भाग प्रतिअब्ज निघालं. एक भाग प्रतिअब्ज म्हणजे लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. कॅलिफोर्नियाची मर्यादा आहे १, अमेरिकेची ५, जागतिक आरोग्य संघटनेची १०. या आकड्यांशेजारी ते चाळीस हजार ठेवून बघा.

ती तक्रार गेली नसती तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तिथे नेहमीच्या तपासण्या चालू होत्या, पण आग लागल्यावर पाण्यात बेंझीन शोधायला हवं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पॅराडाइजमध्ये सर्वांत जास्त आकडा २,२१७ होता. तिथला तलाव स्वच्छ होता आणि शुद्धीकरण केंद्रही आगीतून वाचलं होतं. केंद्रातून निघणारं पाणी अगदी चांगलं. ते घरापर्यंत येईतो बिघडत होतं. गावात नळजोडण्या साडेदहा हजारांच्या आसपास, आणि त्यातला कुठला जोड खराब आहे हे एकेक तपासल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

मैत्रिणीने मग अंगणात अडीच हजार गॅलनची टाकी बसवली आणि बाहेरून पाणी आणून त्यात भरायला सुरुवात केली. तिच्या दारात पहिला टँकर आला त्या दिवशी आई माझ्याबरोबर होती. ती बराच वेळ त्या पाईपकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे आपल्याकडे आटपाडीला बघितलं होतं. इथे बघायला लागेल असं वाटलं नव्हतं."

ज्यांची घरं पॅसाडेना, आल्टाडेना भागात आहेत त्यांनी आपल्या पाणी कंपनीची सूचना आज काय आहे ते रोज बघा. तिथे छोट्या छोट्या कंपन्या आहेत. शेजारच्या गल्लीची सूचना उठली म्हणजे तुमची उठली असं नाही.

---

आडोसा | ११ मार्च २०२५

पडवीताई, वेळेवर लिहिलंत. धाकटी बहीण आल्टाडेनात भाड्याच्या घरात राहते. घर वाचलं. आजूबाजूची सगळी गेली. ती महिनाभर मैत्रिणीकडे होती, आता परत यायचं म्हणतेय. घरमालक म्हणतो पाणी तपासून घेतलंय, चांगलं आहे. तिला तीन वर्षांचा मुलगा आहे. मी ठाण्यात बसून काय करणार? तिला नेमकं काय विचारायला सांगू?

एक शंका. घर जळलं नाही, मग तिच्या पाईपात बेंझीन येतं कुठून?

---

कोयनाकाठ | ११ मार्च २०२५

याचं उत्तर मी देतो, कारण पाईपलाईनच्या कामात वीस वर्षं गेली.

आपल्याकडे दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात नळ सुटला की आधी काय होतं? फुस्स करून हवा येते, मग गढूळ पाणी, मग चांगलं. ते गढूळ पाणी धरणातलं नसतं. पुरवठा बंद झाला की उंचावरच्या पाईपातलं पाणी खाली उतरतं, आत पोकळी होते आणि जिथे सांधा गळका असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून आपण पहिली बादली संडासात ओततो.

आगीत हेच होतं, फक्त गटाराच्या जागी धूर असतो. शेकडो घरं एकदम जळतात, प्रत्येक घराचा पाईप फुटून पाणी मोकळं वाहतं, त्यात बंब लाईनवरून पाणी उपसतायत. दाब शून्यावर येतो. मग जळक्या घरांच्या उघड्या तोंडांतून धूर, काजळी, वितळत्या प्लास्टिकचा वायू लाईनीत ओढला जातो. दाब परत आला की ते सगळं पुढे ढकललं जातं. बहिणीचं घर त्याच लाईनीवर आहे ना? मग तिच्याकडे येणारच. जळक्या घरांच्या मीटरपुढे चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं लाईनीत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असेल तर बरंच अडतं, पण जुन्या घरात तो असेलच असं नाही.

दुसरं कारण खुद्द पाईप. पीव्हीसी असो की काळा एचडीपीई, तो जळायलाच पाहिजे असं नाही. जमिनीत उथळ पुरलेला असेल, वर घर तासन्‌तास धगधगत असेल, तर तो तापतो आणि तापल्यावर त्याच्यातूनच बेंझीन सुटतं. मीटरमधलं प्लास्टिक, रबरी वॉशर, सगळं आलं त्यात.

आणि सर्वांत वाईट म्हणजे प्लास्टिक हे पितं. आम्ही साइटवर बघितलंय, डिझेल सांडलेल्या जागी टाकलेल्या पाईपाचा वास धुऊन जात नाही. तो आत शिरलेला असतो आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतो, महिनोन्‌महिने.

---

पडवी | १२ मार्च २०२५

कोयनाकाठदादा, पहिल्या बादलीचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. सहा वर्षं मी जे समजावत होते ते तिला तुमच्या चार ओळींत पटलं.

आडोसा, "तपासून घेतलंय" या शब्दावर थांबू नका. माझ्या मैत्रिणीकडे हेच झालं. तिने आधी एका खाजगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. माणूस आला, स्वयंपाकघरातला नळ दहा मिनिटं सोडून ठेवला आणि मग बाटली भरली. निकाल: काही आढळलं नाही. ती रडली आनंदाने. पण दहा मिनिटं वाहिल्यावर जे पाणी येतं ते रस्त्यातल्या मोठ्या लाईनीतलं, ताजं. तिच्या स्वतःच्या पाईपात मुरलेलं बेंझीन त्यात उतरायला वेळच मिळाला नव्हता.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले अँड्र्यू व्हेल्टन यांनी सँटा रोझा आणि पॅराडाइज दोन्हीकडच्या पाण्याचा अभ्यास केला. त्यांचा आग्रह होता की पाणी ७२ तास पाईपात न हलवता ठेवायचं आणि मग नमुना घ्यायचा. मैत्रिणीने दुसऱ्यांदा तसं केलं. तीन दिवस मुख्य चावी बंद. या खेपेला बेंझीन मर्यादेच्या वर निघालं. घर तेच आणि नळही तोच होता. तिने अंगणातला, रस्त्यापासून घरापर्यंतचा पाईप बदलून घेतला.

तेव्हा बहिणीला घरमालकाकडून कागद मागायला सांगा. नमुना कुठून घेतला, रस्त्यावरच्या लाईनीतून की तिच्या नळातून? त्याआधी पाणी किती तास थांबलेलं होतं? कशासाठी तपासलं? पुष्कळदा फक्त जंतूंची तपासणी केलेली असते आणि खाली "पिण्यास योग्य" लिहिलेलं असतं. "व्हीओसी" म्हणजे उडून जाणारी कार्बनी रसायनं, ती तपासणी हवी. आणि गरम पाण्याची टाकी वेगळी तपासा. ती टाकी आगीच्या दिवसाचं पाणी पोटात घेऊन बसलेली असते, याची आठवण कुणालाच राहत नाही.

---

निवांत_७१ | १२ मार्च २०२५

थोडं वेगळं मत मांडतो. पेट्रोल पंपावर उभं राहिलं तरी बेंझीन श्वासात जातं, सिगारेटच्या धुरात तर असतंच. अब्जात एक भाग ही मर्यादा म्हणजे फारच ताणलेली नाही का? घाबरवून सोडण्यात अर्थ नाही. लोक आधीच आगीने खचलेले असतात.

---

पडवी | १२ मार्च २०२५

निवांतजी, खचलेल्या माणसांना घाबरवायचं नाही हे अगदी मान्य. मर्यादेबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्यही आहे. तो १ किंवा ५ चा आकडा माणूस आयुष्यभर रोज ते पाणी पिणार असं धरून ठरवलेला असतो. एक दिवस दोन भाग प्रतिअब्जचं पाणी पोटात गेलं म्हणून कुणाला काही होत नाही. थोड्या दिवसांसाठी वेगळे आकडे आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दहा किलो वजनाच्या मुलासाठी एका दिवसाला २०० भाग ही पातळी दिलेली आहे.

पण मग पॅराडाइजचे २,२१७ आणि सँटा रोझाचे ४०,००० त्या दोनशेपुढे ठेवा. आणि नाकावर भरवसा ठेवता येत नाही. बेंझीनला गोडसर वास असतो, पण पाण्यात तो जाणवायला लागतो तोवर प्रमाण मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. पेट्रोल पंपावरून आपण दोन मिनिटांत निघून येतो. घरातल्या नळावर लहान मुलाची बाटली दिवसातून चारदा भरली जाते.

---

आडोसा | १२ मार्च २०२५

बहिणीने विचारलंय: सिंकखाली फिल्टर बसवला तर? आणि आंघोळीचं काय?

---

पडवी | १२ मार्च २०२५

फिल्टर: कोळशाचा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बेंझीन धरतो हे खरं. पण अमेरिकेत बेंझीनसाठी प्रमाणपत्र देताना तो १५ भाग प्रतिअब्ज असलेल्या पाण्यावर तपासलेला असतो. पाण्यात शेकडो भाग असतील तर तो किती दिवसांत भरून जाईल आणि कधी नुसतं पाणी सोडायला लागेल हे बाहेरून दिसत नाही. सूचना उठल्यावर मनाच्या समाधानासाठी जरूर बसवा. सूचना असताना फिल्टरच्या भरवशावर मुलाला पाणी देऊ नका.

आंघोळ: आपल्या कंपनीच्या सूचनेत काय आहे ते आधी बघा, कारण काही ठिकाणी आंघोळीलाही मनाई असते. मनाई नसेल तर पाणी कोमट, वेळ थोडा, खिडकी उघडी. कडकडीत पाण्याने बंद न्हाणीघरात आंघोळ म्हणजे वाफेबरोबर तेच श्वासात. मुलाला टबात खेळत बसवू नका. भांडी धुण्याचं यंत्रही गरम वाफ सोडतं.

---

वैनगंगा | १३ मार्च २०२५

मी नागपूरचा. धागा वाचून राहवलं नाही. तुमच्याकडे एकदा आग लागते, आमच्याकडे कोळसा रोज जळतो.

कोराडी आणि खापरखेडा, दोन्ही औष्णिक वीज केंद्रं शहराला लागून. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाईपाने तलावात सोडतात. १६ जुलै २०२२ ला धो धो पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचं पाणी शेतांतून, नाल्यांतून कोलार नदीत आणि तिथून कन्हानमध्ये. आणि कन्हानवरूनच तर नागपूरच्या मोठ्या भागाला पाणी उचलतात. मी तेव्हा गाडी घेऊन पाहायला गेलो होतो. धानाच्या बांधीत करड्या रंगाचा चिखल घोट्याच्या वर, रोपांचे फक्त शेंडे दिसत होते. हातात घेतला तर पिठासारखा मऊ. एक म्हातारा शेतकरी त्यात उभा होता, मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "हे वाळलं की सिमेंट होते बाप्पा."

त्या आठवड्यात आमच्या घरीही आईने तेच केलं. पाणी तुरटी फिरवून उकळलं. तुरटीने राख खाली बसते, पाणी नितळ दिसते. पण राखेत आर्सेनिक, पारा, शिसं असते, त्यातलं जे पाण्यात विरघळलं ते उकळून जात नाही. उलट पाणी आटते तसं ते दाट होते. तुमच्या बेंझीनचं उलटं: ते वाफेने घरात पसरते, हे पातेल्यात उरते. दोन्हीकडे उकळणं कामाचं नाही.

---

कोयनाकाठ | १३ मार्च २०२५

वैनगंगा, बरोबर. गावपातळीवर आपल्याकडे काय होतं ते सांगतो. जलसुरक्षक सकाळी टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, मग टोकाच्या नळावर ओटी टेस्ट घेतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोहोचलं, वहीत सही. या कामाबद्दल मला आदर आहे, या टेस्टमुळे किती गावांतली गॅस्ट्रोची साथ थांबली याची गणती नाही. पण ती टेस्ट जंतूंसाठी आहे. धातू आणि जळणातून आलेली रसायनं तिला दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, त्यात जळणातून तयार होणाऱ्या बहुचक्री हायड्रोकार्बनांना मर्यादा दिलेली आहे, लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम. आर्सेनिक, शिसं, पारा यांनाही आहे. म्हणजे मागायचा हक्क आहे. राख तलावाच्या खाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी ग्रामसभेत हे नाव घेऊन मागावं, "पाणी तपासा" एवढंच म्हणू नये.

---

मोगरा_डोंबिवली | १४ मार्च २०२५

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला आग लागली होती. गच्चीवरची काळी टाकी एका बाजूने वितळून बसली होती, उतरणारे पाईप वाकडे झालेले. प्लंबरने टाकी बदलली, पाईप तेच ठेवले, दुसऱ्या दिवशी पाणी सुरू. आठवडाभर पाण्याला जळक्या प्लास्टिकचा वास होता. आम्ही सगळ्यांनी उकळून प्यायलं. आज हे वाचताना हात थरथरतायत. आता काय करू?

---

कोयनाकाठ | १४ मार्च २०२५

ताई, घाबरू नका. मैलोन्‌मैल जळालेलं गाव आणि एक फ्लॅट यात फरक आहे, आणि दोन वर्षं पाणी रोज खेळतं आहे. पण जो पाईप त्या दिवशी वाकडा झाला तो अजून तिथेच असेल तर आता बदलून घ्या, खर्च फार नाही. आणि सोसायटीच्या वहीत लिहून ठेवा: परत कधी आग लागली तर आधी त्या लाईनीचा व्हॉल्व्ह बंद, तापलेला पाईप काढून फेकायचा, टाकी पूर्ण रिकामी, आणि मगच पाणी सोडायचं.

---

पडवी | १४ मार्च २०२५

व्हॉल्व्ह बंद करण्यावरून आठवलं. सँटा रोझात आधी वाटलं होतं की त्या भागातली सगळीच लाईन उखडावी लागेल, अंदाज होता ४.३ कोटी डॉलरचा. मग एकेक जोड तपासत गेले तेव्हा कळलं की खराबी मुख्यतः घरांकडे जाणाऱ्या छोट्या पाईपांत आणि जोडांत आहे. तेवढेच बदलले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, आगीला वर्ष झाल्यावर, सूचना उठली. त्यामानाने यंदा लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागाची सूचना दोन महिन्यांत, या ७ मार्चला उठली. आता आगीनंतर लगेच बेंझीन तपासायला घेतात. सँटा रोझाच्या त्या एका घराने वासाची तक्रार केली होती, त्याचं हे फळ आहे असं मी मानते.

---

आडोसा | १७ मार्च २०२५

बहिणीने घरमालकाकडून कागद मागवला. फक्त जंतूंची तपासणी होती, नमुना रस्त्याच्या लाईनीचा. तिने शांतपणे सांगितलं की व्हीओसी तपासणी झाल्याशिवाय मुलाला घेऊन येणार नाही. तो आधी कुरकुरला, मग तयार झाला. शुक्रवारी संध्याकाळी मुख्य चावी बंद केली, नळांना चिकटपट्टी लावली म्हणजे कुणी चुकून सोडू नये. आज सोमवारी संध्याकाळी प्रयोगशाळेचा माणूस आला. तो नळ सोडून ठेवायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि पहिल्या धारेची बाटली भरून घेतली, गार पाण्याची एक आणि गरम टाकीची वेगळी.

निकालाला दहा दिवस लागतील म्हणाले. आला की इथेच लिहिते.